साईटवरचा भित्रा माणूस

माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांच्याइतका भित्रा माणूस पाहिला नाही. आणि भित्रेपणाचा इतका उघड अभिमान बाळगणारा तर नाहीच नाही. घाबरतो आपण सगळेच, पण चारचौघांत छाती काढून चालतो. हे गृहस्थ चारचौघांतच सांगायचे, “मी लई भितो बरं का,” आणि मग ज्या शिडीला भीत होते ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचे.

वय साठीच्या पुढं, गाव वरकुटे. साईटवर सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. हुद्दा सेफ्टी सुपरवायझर. हा हुद्दा आमच्याकडं कसा निर्माण झाला ते सांगायला हवं. बारामतीत मुलींच्या वसतिगृहाची चार मजली इमारत आणि तिला लागून जेवणाचा हॉल, असं काम आमच्या मालकांना मिळालं. इमारत बरीच वर चढल्यावर करारात एक कलम निघालं की साईटवर सुरक्षेसाठी स्वतंत्र माणूस नेमावा. मालकांनी ते कलम दोनदा वाचलं. पहिल्यांदा, ते टाळता येतं का बघायला. दुसऱ्यांदा, माणूस कसला असावा हे कुठं लिहिलंय का ते बघायला. लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काम करून रिटायर झालेला, घरी बसून कंटाळलेला हा म्हातारा आणला, पिवळं जाकीट दिलं आणि सांगितलं, “तात्या, गेटवर बसायचं. कोणी साहेब तपासणीला आले की उभं राहायचं. एवढंच काम.”

तात्या एक दिवस गेटवर बसले. दुसऱ्या दिवशी आत आले. तिथून आमचं सुख संपलं.

मी तेव्हा तिथं ज्युनिअर इंजिनिअर होतो. डिप्लोमा करून चिकटलो होतो, कायम झालो नव्हतो. तात्या मला साहेब म्हणायचे, म्हणजे “सायेब” म्हणायचे, आणि त्या शब्दात मला कायम थोडी शंका ऐकू यायची. ती माझ्या मनाची असेल.

खुर्चीवर ते एकदम बसत नसत. आधी खुर्ची मागून धरून हलवायचे, मग तिच्या एका पायावर आपला पाय दाबायचे, मग बसायचे, तेही कडेवर. एकदा माझ्या घरी आले तेव्हा आईनं पंख्याखालचा पाट दिला. तात्यांनी वर बघितलं, पाट उचलला आणि भिंतीला लावून बसले. आई म्हणाली, “अहो, वारा लागायचा नाही तिथं.” तात्या म्हणाले, “वारा न्हाय लागला तर घाम येतू वैनी. पंखा लागला तर...” आणि पोहे खायला लागले. त्या दिवसापासून आमच्या आईलाही त्या पंख्याखाली बसवेना. शेवटी वडिलांनी पंख्याचा हूक बदलून घेतला. जुना हूक खरंच झिजलेला निघाला, पण ते तात्यांना सांगायचं नाही असं घरात ठरलं.

आता बेल्टची गोष्ट. उंचावर काम करणाऱ्यांना कमरेला बेल्ट बांधायचा, त्याची दोरी आणि हूक कुठल्यातरी पक्क्या पाइपाला अडकवायचा, हा नियम. आमच्याकडं बेल्ट नव्हते असं नाही. होते, आणि सगळे बांधायचेही. फक्त हूक पाइपाला अडकवला की सारखं काढा-घाला करावं लागतं, कामाला अडथळा होतो. म्हणून आमच्या गड्यांनी एक सोपी युक्ती काढली होती. हूक स्वतःच्याच पँटच्या लुप्पीत अडकवायचा. खालून बघणाऱ्या साहेबाला बेल्टही दिसतो, हूकही अडकलेला दिसतो. चौथ्या मजल्यावर परांचीवर अकरा माणसं, अकरांचेही हूक स्वतःच्या पँटला. पडलाच एखादा, तर पँटसकट पडेल आणि इज्जत तेवढी शाबूत राहील.

तात्यांनी हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. ओरडले नाहीत. त्या अकराही जणांना खाली बोलावलं आणि गेटवर ओळीनं बसवून एकेक ग्लास चहा पाजला. बिनसाखरेचा.

बाहेरच्या माणसाला यातली शिक्षा कळायची नाही. आमच्या भागात दारात ऊस, घरात कारखान्याच्या सभासदाची साखर पोत्यानं पडलेली. पाहुण्याला चहात साखर कमी पडली तर त्याचा राग चार वर्षं जात नाही. आणि इथं भर गेटवर, येणारे-जाणारे बघतायत, आणि हा काळा कडू पेला शेवटच्या घोटापर्यंत संपवायचा. तात्या शेजारी बसून आपल्या साखरेच्या चहाचे भुरके मारायचे. “काय रं, कडू लागतुय? बरं हाय. जिवंत माणसालाच लागतंय.” त्या आठवड्यात एकानं सरळ सांगितलं, तात्या, दिवसाची हजेरी कापा, पण तो चहा नको. कापली नाही. चहा दिला.

साईटवर एक वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येतं. “काय होत न्हाय!” शिडी तुटकी आहे, काय होत न्हाय. वायर उघडी आहे, काय होत न्हाय. हे वाक्य कानावर पडलं की तात्या जिथं असतील तिथून विचारायचे, “कुणाला?”

“कुणाला म्हंजी?”

“कुणाला काय होत न्हाय? नाव सांग.”

नाव कोणीच सांगायचं नाही. आपलंच नाव घ्यायला जीभ रेटायची नाही. मग तो गडी पुटपुटत दुसरी शिडी आणायला जायचा.

एवढा भित्रेपणा म्हणजे याच्या मागं काहीतरी असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. कोणी म्हणे, डोळ्यांदेखत बॉयलर फुटला. कोणी म्हणे, सख्खा भाऊ विहीर खणताना दगावला. मी एकदा डबा खाताना धीर करून विचारलंच. तात्यांनी भाकरीचा घास संपवला. म्हणाले, “काय बी झालं न्हाय, सायेब. तीस वर्सांत बोटाला खरचटलं न्हाय. मला आपली भ्या वाटती. पयल्यापासनं. बॉयलरवर आमी धा जण लागलो हुतो. त्यातली लई धाडशी हुती. माझ्या रिटायरमेंटच्या चहाला त्यातलं कोण बी न्हवतं.” आणि मला कांदा दिला.

साईटबाहेरही तसंच. अंथुर्ण्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, मी गेलो होतो. मांडवात पाऊल टाकल्याबरोबर तात्यांनी खांब हलवायला सुरुवात केली. दोन खांब पसंत पडले नाहीत. नवरदेव बोहल्याकडं निघालेला, भटजी घड्याळ बघतायत, आणि तात्या मांडववाल्याला दोऱ्या सोडून पुन्हा बांधायला लावतायत. सगळे पाहुणे उन्हात उभे. वरपक्षाचे लोक संतापून लाल झाले. मुहूर्त अकरा मिनिटांनी चुकला. जोडपं सुखात आहे, दोन मुलं आहेत. मांडवही पडला नाही, त्यामुळं तात्यांनी अपशकुन केला हे मात्र भावकीत कायमचं ठरून गेलं.

हीच त्यांची अडचण होती. तात्या जे जे करायचे त्याचा परिणाम म्हणजे काहीच न होणं. आणि काही झालं नाही हे दाखवायचं कुणाला, आणि कसं?

माझं लग्नही तेव्हाच जुळत होतं. मुलगी अंथुर्ण्याचीच, तिचे वडील शाळामास्तर. मास्तरांना मुलगा पसंत होता, पण त्यांचा एकच प्रश्न असायचा, “कायम कधी होणार?” मालकांनी मला सांगून ठेवलं होतं की जेवणाच्या हॉलचा स्लॅब पडला की तुझं पत्र देतो. स्लॅब पडला म्हणजे ओतून झाला, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मास्तर म्हणाले, मग स्लॅबच्या दिवशी मी स्वतःच येतो.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडं अर्धं लग्नच असतं. गुरुजींनी सकाळी नऊ वीसचा मुहूर्त काढला होता. मालकांचे पाहुणे, गावातली चार मोठी माणसं, नारळ, पेढे, आणि दुपारी सगळ्या गड्यांना मटण. हॉल चांगला उंच आणि ऐसपैस. वर सेंट्रिंगच्या पत्र्यांवर सळईची जाळी, खाली ते सगळं तोलून धरणारे दोनशेच्यावर टेकू. सगळ्या साईटवर सावली तेवढीच, त्या टेकूंच्या रानात. म्हणून मटणाचं पातेलंही तिथंच चढलं होतं, आणि घमेली उचलणाऱ्या एका बाईनं आपल्या तान्ह्या पोरीची झोळी दोन टेकूंना बांधली होती. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पोर उन्हात कशी ठेवायची?

ओतण्याआधी एक तपासणीचा कागद असतो. सगळ्या टेकूंखाली फिरून, हात लावून बघायचं आणि सही करायची. ते काम माझं. मी सात वाजता ऑफिसच्या टेबलावर बसून सही केली. खाली गेलो नाही. कारण सांगायचं तर काहीच नाही. खाली चिखल होता, आणि माझ्या अंगात नवा शर्ट होता, मास्तर येणार म्हणून घातलेला.

नऊ वाजता मास्तर आले. मी त्यांना मालकांच्या शेजारी खुर्ची दिली. मिक्सर सुरू झाला. पहिला माल वर चढायच्या बेतात, मालकांनी नारळ हातात घेतला, आणि स्लॅबखालून तात्या बाहेर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात ती झोळीतली पोर, झोपलेली. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि पोर सरळ मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मास्तर घाबरून तसेच बसून राहिले.

“मालक, नारळ फोडू नका,” तात्या म्हणाले. “खाली मऊ हाय.”

झालं होतं असं की आठवड्यापूर्वी हॉलच्या मागच्या बाजूनं ड्रेनेजचा चर खणून बुजवला होता. त्या भरावावर विटा रचून टेकू उभे केले होते, आणि शेजारच्या भिंतीवर मारलेलं पाणी रोज त्या भरावात मुरत होतं.

“किती टेकू आहेत खाली?” मालकांनी विचारलं.

“दोनशे चाळीस.”

“त्यातले ढिले किती?”

“सा.”

“तात्या, दोनशे चौतीस घट्ट आहेत ना? मग?”

“त्या दोनशे चौतीसांना ह्ये सा निसटल्यावर कळंल की.”

पाहुण्यांत कोणीतरी हसलं. मालकांचा चेहरा उतरला. चार लोकांत म्हाताऱ्यानं पाणउतारा केला, असं झालं. त्यांनी माझ्याकडं न बघता हात केला, “इंजिनिअरनं तपासलंय. सही आहे. चला, माल घ्या वर!”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मिक्सरकडं बघितलं.

मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. तात्यांनी मास्तरांच्या शेजारची एक रिकामी खुर्ची उचलली. हलवून बघितली नाही, काही नाही. ती घेऊन ते परत स्लॅबखाली गेले, मागच्या बाजूला, त्या सहा टेकूंच्या मधोमध खुर्ची मांडली आणि बसले. आतून आवाज आला, “वता आता.”

बाहेरून मला ते दिसत होते. पंख्याखाली न बसणारा माणूस. दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते, तरी थरथरत होते. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असतील किंवा आम्हाला शिव्या देत असतील.

मालक ओरडले, “ओता रे! काय होत नाही!”

घमेल्यांच्या रांगेत पहिली उभी होती ती झोळीवाली बाई. तिनं घमेलं खाली ठेवलं. मग तिच्या मागचीनं. मग वरच्या गड्यांनी. मिक्सर तेवढा गरगरत राहिला, आणि मग तोही कोणीतरी बंद केला. मुहूर्त गेला. आचाऱ्यानं पातेलं बाहेर काढलं. मटण तेवढं सगळ्यांनी खाल्लं, गपगुमान.

दुपारी मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मास्तर बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. मालक पान लावत होते.

“सरळ बोला,” ते म्हणाले. “याची सही आहे की सगळं ठीक. तुम्ही म्हणता ढिलं. म्हणजे दोघांतला एक खोटा. कोण?”

मी म्हणालो, “मी सकाळी खाली जाऊन बघितलं होतं. तेव्हा सगळे घट्ट होते.”

हे वाक्य मी किती सहज बोललो! मागाहून त्याचंच नवल वाटलं.

तात्या थोडा वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले. मग मालकांकडं बघितलं. मग म्हणाले, “मग माझंच चुकलं आसंल. म्हाताऱ्या मानसाचं हात. आपलंच हलत आसत्यात.” पिवळं जाकीट काढलं, नीट घडी घालून टेबलावर ठेवलं, आणि फाट्यावर जाऊन एसटीला उभे राहिले.

सगळे गेल्यावर संध्याकाळी मी एकटा खाली गेलो. नवा शर्ट तसाच होता अंगात. मागच्या बाजूच्या पहिल्याच टेकूच्या विटेवर पाय दाबला. वीट चार बोटं आत गेली. वर सतरा माणसं चढणार होती. खाली आचारी, आणि ती झोळी.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगून मी तो भराव धुमसानं ठोकून पक्का करून घेतला, विटा काढून खाली जाड फळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी स्लॅब ओतला. व्यवस्थित झाला. मालक सगळ्यांना पेढे देत म्हणाले, “तात्या म्हणत होते पडंल म्हणून. पडला का?” सगळे हसले. मीही हसलो. पेढाही खाल्ला. आठ दिवसांनी माझं पत्र आलं, त्या उन्हाळ्यात लग्न झालं.

त्याला आता सात वर्षं झाली. मी दुसरीकडं आहे, हाताखाली माणसं आहेत. मागच्या महिन्यात आमच्या नव्या गड्यांपुढं सुरक्षेवर चार शब्द बोलायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी तात्यांची गोष्ट सांगितली. खुर्ची, थरथरणारे हात, खाली ठेवलेली घमेली, सगळं. ऑफिसातलं तेवढं गाळलं. जोरात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या काही मला पचेनात. शेवटी परवा दुपारी सरळ गाडी काढली आणि वरकुटे गाठलं.

तात्या अंगणात वासराच्या दाव्याला गाठ मारत बसले होते. थकले होते, ऐकायला कमी येत होतं, पण गाठ दोनदा ओढून बघायची सवय तीच. मला ओळखलं. मी पाण्याचा तांब्या घेतला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

“तात्या, त्या दिवशी मी खाली गेलोच नव्हतो. खोटं बोललो होतो.”

“म्हाईत हाय.”

“कसं?”

“आरं, पाटंपासनं मीच खाली हुतो. तू कवा आला आसतास तर दिसला न्हसतास व्हय?”

“मग तिथंच का नाही सांगितलंत? तुमची नोकरी गेली.”

तात्यांनी दावं बाजूला ठेवलं. “मालक म्हनला दोगांतला एक खोटा. म्हंजी एक जानार. मी तुझ्याकडं बगितलं, तर तुझं पाय लटालटा कापत हुतं. मालकाकडं बगितलं, तर त्यो पान खात हुता. म्हटलं, आपुन ऱ्हायलो आन ह्यो गेला, तर मालक दुसरा कुनीतरी आननार, त्यो बी पान खानारा. ह्यो भ्यालाय, ह्याला ऱ्हाऊ दे. साईटवर एक तरी भ्यालेलं मानूस पायजे. माझं काय, मी घरात बसून बी भितोच की.”

मला रडू आलं. चांगला दोन मुलांचा बाप, त्या अंगणात वासरासमोर उभा राहून रडलो. तात्यांनी रडू दिलं. मग विचारलं, “मग? आता जातूस न्हवं खाली?”

“जातो.”

“दर येळी?”

“दर वेळी, तात्या.”

“आता कुठं हाय काम?”

“सणसरला. गोडाऊन बांधतोय. उद्या सकाळी स्लॅब.”

“सही झाली?”

“झाली.”

“गेलावतास?”

मी डोळे पुसत होतो, तो हात तसाच राहिला. सही दुपारी निघताना झाली होती. गाडीत बसून, स्टिअरिंगवर कागद ठेवून. वरकुट्याला माफी मागायला यायला उशीर होत होता म्हणून.

तात्यांनी पुन्हा दावं हातात घेतलं. मान वर न करता म्हणाले, “मग हितं काय करतूयास? नीघ की.”

ऊन असतानाच मी सणसरला पोचलो आणि आधी सही केलेला तो कागद फाडला. मग वाकून टेकूंच्या खाली शिरलो, आणि पहिल्या रांगेपासून एकेकाला हात लावत मागं गेलो. मागच्या भिंतीकडचे तीन हात लावल्याबरोबर हलले.